जिवाणू, आर्किया आणि विषाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्दीला अँटिबायोटिक घेणं आणि मिरचीवरच्या व्हायरसवर बुरशीनाशक मारणं, हे दोन्ही खर्च एकाच समजुतीपोटी होतात: जंतू म्हणजे जंतू, औषध मारलं की मेले. प्रत्यक्षात डोळ्यांना न दिसणाऱ्या या जगात आंबा आणि माणूस यांच्यात आहे त्याहून जास्त अंतर असलेली मंडळी आहेत. बुरशी, अमिबा वगैरे सूक्ष्मजीव इथे बाजूला ठेवले आहेत. त्यांच्या पेशी आपल्यासारख्या, केंद्रक असलेल्या असतात.

तिघांत नेमका फरक काय?

जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, हा एकच पेशी असलेला पूर्ण जीव. तो खातो, ऊर्जा तयार करतो, वाढतो, दोन होतो. आर्कियाही एकपेशीय, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूसारखाच दिसतो. पण त्याचं आवरण वेगळ्या रसायनाचं असतं आणि जनुकं वाचायची त्याची यंत्रणा आपल्या पेशींच्या जास्त जवळची असते. विषाणूला पेशीच नसते. जनुकीय मजकुराचा एक तुकडा आणि त्याभोवती प्रथिनांचं कवच, काहींना वरून चरबीचा पापुद्रा. बस्स. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला स्वतःची एक प्रतसुद्धा काढता येत नाही.

कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून हे दिसतात का?

जिवाणू दिसतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सुमारे २ मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे ५०० ओळीने बसतील. तेलात बुडवायची लेन्स लावून हजारपट मोठं केलं की काम होतं. कोरोनाचा विषाणू मात्र साधारण ०.१ मायक्रोमीटरचा. ई. कोलाय एसटी बसएवढा धरला, तर हा विषाणू सीटखाली सरकवलेल्या बॅगेएवढा. तो बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

नियमाला अपवाद दोन्हीकडे आहेत. ग्वाडेलूप बेटावरच्या खारफुटीत सापडलेला आणि २०२२ मध्ये जगासमोर आलेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जिवाणू सुमारे १ सेंटिमीटर लांब असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. उलट इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातला मिमीव्हायरस इतका मोठा निघाला, की आधी त्याला जिवाणूच समजले होते. तो विषाणू असल्याचं २००३ मध्ये जाहीर झालं.

एवढ्या झपाट्याने वाढतात, मग पृथ्वी जिवाणूंनी भरून का गेली नाही?

गणित भीतिदायक आहे खरं. ई. कोलायला सगळं मनासारखं मिळालं तर तो २० मिनिटांत दोनाचे चार होतो. २४ तासांत ७२ वेळा दुप्पट. एका पेशीचं वजन ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग धरला, तरी दुसऱ्या दिवशी सुमारे ४,७०० टन जिवाणू हवेत. तसं होत नाही, कारण खाणं संपतं आणि स्वतःचीच घाण अंगाशी येते.

हे रोज रात्री आपल्या ओट्यावर घडतं. विरजणातले लॅक्टोबॅसिलस आणि त्यांचे भाईबंद दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. आम्लता एका पातळीला गेली, पीएच ४.६ च्या आसपास, की दुधातलं केसिन हे प्रथिन एकमेकांना धरतं आणि दही लागतं. आम्ल वाढत राहतं तसं बाकीच्या बहुतेक जंतूंचं तिथे चालत नाही, आणि शेवटी विरजणातल्या जिवाणूंचीही वाढ थांबते. थंडीत दही लागायला दुपार होते, कारण यातले बरेच जण ४० अंशांच्या आसपास खुशीत असतात. कढत दुधात विरजण घातलंत तर तेच मरतात. फ्रिजमध्ये ठेवल्यावर ते मरत नाहीत, फक्त सुस्तावतात. म्हणून चार दिवसांचं दही आंबट लागतं.

उकळलं म्हणजे सगळं मरतं ना?

बहुतेक मरतं, सगळं नाही. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या घराण्यांतले काही जिवाणू वाईट दिवस आले की बीजाणू करतात. पाणी जवळजवळ काढून टाकलेलं, जाड कवचातलं, झोपलेलं रूप. धनुर्वाताचा जिवाणू मातीत असाच वर्षानुवर्षं पडून राहतो. हे बीजाणू १०० अंशांच्या उकळीला दाद देत नाहीत. त्यासाठी दाबाखालची वाफ लागते: १२१ अंश, १५ मिनिटं. प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह म्हणजे तत्त्वाने आपला प्रेशर कुकरच.

रात्रीचा भात ओट्यावर उघडा ठेवू नका असं सांगतात ते यामुळेच. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजण्यातून वाचतात, कोमट भातात उगवतात आणि त्यांच्यातले काही उलटी आणणारं विष सोडतात. हे विष सकाळी फोडणी दिल्यानेही जात नाही. भात निवला की लगेच फ्रिजमध्ये, एवढंच त्यावर उत्तर.

लघवीच्या रिपोर्टवर ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ लिहिलंय. घाबरावं का?

हे जिवाणूच्या भिंतीचं वर्णन आहे, आजार किती गंभीर आहे याचं नाही. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने रंग देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. ज्यांची भिंत जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची भिंत पातळ आणि वर आणखी एक पडदा, त्यांचा जांभळा रंग धुऊन जातो आणि नंतर दिलेला गुलाबी रंग दिसतो. ते निगेटिव्ह. हा बाहेरचा पडदा अनेक औषधांना आत येऊ देत नाही, म्हणून डॉक्टरांना ते कळणं गरजेचं. बॅसिलाय म्हणजे दांडीच्या आकाराचे.

‘कल्चर’चा रिपोर्ट दोन-तीन दिवस का घेतो, हाही नेहमीचा प्रश्न. जिवाणू आधी थाळीत वाढवावा लागतो, मग त्याच्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिक्सच्या चकत्या ठेवून कुठल्या चकतीभोवती वाढ थांबते ते बघावं लागतं. त्याची घाई करता येत नाही. क्षयाचा जिवाणू तर दुप्पट व्हायलाच २० तासांच्या आसपास घेतो. त्याच्या कल्चरला आठवडे लागतात.

आर्किया हे काय नवीन? आम्हाला शाळेत नव्हतं.

१९७७ पर्यंत कोणालाच नव्हतं. अमेरिकेतले कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स पेशीतल्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, आरएनएची अक्षरं वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांत ताडून बघत होते. मिथेन वायू तयार करणारे ‘जिवाणू’ इतर जिवाणूंशी जुळेनात. दोघांनी मांडलं की ही एक वेगळीच शाखा आहे. बऱ्याच जणांना ते पटायला वेळ लागला. १९९० मध्ये वूझने सजीवांची तीन अधिक्षेत्रं सुचवली: जिवाणू, आर्किया, आणि केंद्रक असलेले बाकी सगळे, ज्यात आपण, पिंपळ आणि भूछत्र एकत्र येतो.

पुढची गंमत अशी की आर्किया आपले जवळचे नातलग निघाले. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधल्या समुद्रतळातून मिळालेल्या लोकीआर्कियाच्या जनुकांमध्ये २०१५ साली अशा गोष्टी सापडल्या, ज्या फक्त केंद्रकवाल्या पेशींत असतात असं वाटत होतं. आज बहुतेक अभ्यासक मानतात की अशाच एखाद्या आर्कियाने एका जिवाणूला आत घेतलं आणि त्यातून आपल्यासारख्या पेशी घडल्या. तो आत घेतलेला जिवाणू म्हणजे आजचं मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग. त्याचं स्वतःचं थोडं डीएनए अजूनही शिल्लक आहे.

आर्किया फक्त उकळत्या झऱ्यात राहतात का?

ही अर्धवट माहिती सगळीकडे फिरते. मिथॅनोपायरस कँडलेरी हा आर्किया प्रयोगशाळेत दाब वाढवून १२२ अंशांनाही वाढवला गेला आहे, हे खरं. पण साध्या शेतमातीत, समुद्रात आणि आपल्या आतड्यातही आर्किया आहेत. शिवाय गरम झऱ्यात राहतो तो आर्कियाच असतो असं नाही. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना सापडलेला थर्मस अक्वाटिकस हा जिवाणू आहे. त्याचं उष्णता सोसणारं एन्झाइम पुढे पीसीआर चाचणीच्या कामी आलं. कोरोनाच्या काळात पीसीआरसाठी नाकात काडी घातलेल्या प्रत्येकाचा त्या झऱ्याशी असा दूरचा संबंध आहे.

लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते कशामुळे?

आर्कियामुळे. बुलडाणा जिल्ह्यातलं हे उल्काविवर बेसाल्टमधलं. पाणी खारं आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी दिसू लागलं. आधी शैवालावर संशय होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा हॅलोआर्किया, म्हणजे मीठ मानवणारे आर्किया, मोठ्या संख्येने सापडले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा चढला आणि त्यांची चंगळ झाली. त्यांच्या अंगात गुलाबी-लाल रंगद्रव्य असतं, जे कडक उन्हापासून त्यांचं रक्षण करतं. नमुन्यातलं पाणी स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी निवळलं. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर लोणारविषयी जे काही फिरलं त्यापेक्षा ही तळाशी बसलेली गुलाबी साय मला कितीतरी जास्त चमत्कारिक वाटते. मिठागरात मीठ धरायच्या आधी शेवटच्या वाफ्यांतलं पाणी लालसर दिसतं, तिथेही हीच मंडळी असतात.

गोबरगॅस नक्की कोण तयार करतं?

दोघं मिळून. शेणातले जिवाणू आधी तंतू, पिठूळ पदार्थ, प्रथिनं तोडतात आणि आम्लं, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड तयार करतात. शेवटचा टप्पा, म्हणजे त्यातून मिथेन, फक्त आर्किया करतात. जिवाणूंचा वेग जास्त, आर्कियांचा कमी, आणि संयंत्राच्या बहुतेक तक्रारी इथेच सुरू होतात. एकदम भरपूर खरकटं टाकलं की आम्ल साठतं, आर्किया हातपाय गाळतात, आंबट वास येतो आणि शेगडीवर ज्योत धरत नाही. अशा वेळी लोक आणखी खरकटं टाकतात. करायचं उलट: खाणं काही दिवस बंद, ताजं शेण थोडं, आणि धीर. मिथेन करणाऱ्या या आर्कियांना हवा चालत नाही आणि थंडी आवडत नाही, म्हणून हिवाळ्यात गॅस कमी पडतो.

शेण हे त्यांचं विरजण का, तर ते गायीच्या पोटात आधीपासूनच राहतात. गायीचा मिथेन बहुतेक तोंडावाटे, ढेकरांतून बाहेर पडतो.

आर्कियामुळे आजार होतो का?

आर्किया एखाद्या आजाराचं मूळ कारण असल्याचं आजवर कुठेही सिद्ध झालेलं नाही.

विषाणू जिवंत असतो की निर्जीव?

परीक्षेत ‘सजीव-निर्जीवाच्या सीमारेषेवर’ लिहा, गुण मिळतील. माझं मत विचाराल तर प्रश्नच थोडा चुकीचा आहे.

१८९२ मध्ये इव्हानोव्स्की यांना दिसलं की तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचं कारण जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही आरपार जातं. १८९८ मध्ये बायेरिंक यांनी ते वेगळंच काही असल्याचं ठासून सांगितलं. १९३५ मध्ये स्टॅन्ली यांनी त्या विषाणूचे चक्क स्फटिक केले, मिठासारखे बाटलीत भरून ठेवता येतील असे, आणि पानाला लावले की पुन्हा रोग हजर. बाटलीतला विषाणू काहीच करत नाही: श्वास नाही, खाणं नाही, वाढ नाही. पेशीत गेल्यावर मात्र कवच सुटतं, विषाणू म्हणून वेगळी वस्तूच उरत नाही आणि पेशीचा कारखाना त्याच्या हुकमाने चालू लागतो. मग जिवंत कोण? मला वाटतं, बाटलीतला कण नव्हे, तर विषाणूने ताब्यात घेतलेली पेशी हे त्याचं खरं जगणं. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही, आणि उपचारात त्याने काडीचा फरक पडत नाही.

तो पेशीत शिरतो कसा, आणि सतत बदलतो कसा?

पेशीच्या अंगावरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटून. ते प्रथिन नसेल तर प्रवेश नाही, म्हणून मिरचीचा विषाणू खाणाऱ्याला लागत नाही. आत गेल्यावर पेशीच्याच रायबोसोमकडून आपली प्रथिनं करून घेतो, मजकुराच्या प्रती काढतो, नवे कण जुळतात आणि बाहेर पडतात.

मजकूर डीएनएचा असेल तर प्रती बऱ्यापैकी नीट निघतात. देवीचा आणि गुरांच्या लंपी रोगाचा विषाणू असे. आरएनएवाल्यांच्या नकलेत चुका जास्त. फ्लूची लस दरवर्षी नवी लागते त्यामागे हे आहे. चांदिपुरा हाही आरएनए विषाणू, रेबीजच्या कुळातला. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुऱ्यातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. ज्या पुण्याच्या संस्थेने तो ओळखला, ती आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. हा विषाणू वाळूमाशीतून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला धक्का देतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून दिसणारा माकडताप विषाणूचाच, पण तो गोचिडीतून येतो. गोचिडीचं औषध आणि डासांची फवारणी या वेगळ्या गोष्टी आहेत. वाहक कोण हे कळल्याशिवाय अर्धे उपाय वाया जातात.

जिवाणूंनाही विषाणू लागतात म्हणे?

लागतात, आणि पृथ्वीवर सगळ्यांत जास्त संख्या बहुधा त्यांचीच. त्यांना फाज म्हणतात. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे एक कोटी विषाणू असू शकतात, आणि त्यातले बहुतेक फाजच.

यातलं एक पान आपल्याकडचं आहे. अर्नेस्ट हँकिन या ब्रिटिश संशोधकाने १८९६ मध्ये नोंदवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू मरतात, पण पाणी उकळलं की हा गुण जातो. कारण त्याला ठाऊक नव्हतं. पुढे ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि देरेल यांनी १९१७ मध्ये फाजचा शोध लावल्यावर या नोंदीचा संबंध फाजशी जोडला गेला. याचा अर्थ नदीचं पाणी तसंच प्यावं असा कृपया काढू नका.

दह्याच्या कारखान्यांना फाजचा फार त्रास. विरजणाला लागण झाली की टाकीच्या टाकी फुकट. काही विरजणं मात्र टिकून राहतात. का, याचं उत्तर २००७ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या दह्याच्या जिवाणूतच मिळालं: तो फाजच्या जनुकांचे तुकडे आपल्या डीएनएत जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून फाजचा मजकूर कापतो. ही क्रिस्पर यंत्रणा. तिचं जनुकं कापायचं हत्यार केल्याबद्दल शार्पांतिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं.

सर्दीला डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत. का?

कारण ते मारणार काय? पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. विषाणूला भिंत नसते. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला अडवतं; विषाणूला रायबोसोम नसतो. तो आपलाच वापरतो, म्हणून विषाणूवर औषध करणं अवघड. तरी आहेत: नागिणीला असायक्लोव्हिर, फ्लूला ओसेल्टामिव्हिर. पण प्रत्येक ठरावीक विषाणूपुरतं. फ्लूनंतर छातीत जिवाणूंचा न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक लागतंच. ते डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्याने नाही.

औषध ‘लागू पडत नाही’ म्हणजे शरीराला सवय होते का?

शरीराला नाही, जिवाणूंना. औषधाला न जुमानणारे दोन-चार मुळातच असतात. बाकीचे मेले की त्यांना रान मोकळं. त्याहून वाईट म्हणजे औषधाला न जुमानण्याचं जनुक प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर असलं, तर ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देता येतं. कोंबड्यांच्या खाद्यात वापरलं जाणारं कोलिस्टिन भारत सरकारने २०१९ मध्ये याच धास्तीने बंद केलं. माणसांसाठी ते शेवटच्या फळीचं औषध आहे. काही आजारांत आता आधीपेक्षा छोटे कोर्स दिले जातात, पण ते कमी करायचं काम आपलं नव्हे. क्षयाच्या औषधांत तर मुळीच नाही.

पिकावर व्हायरस आलाय. कुठलं औषध मारू?

झाडाला झालेला विषाणू बरा करणारी फवारणी नाही. मिरचीचा चुरडा-मुरडा पांढऱ्या माशीमुळे पसरतो, पपईचा रिंगस्पॉट माव्यामुळे. रोगट झाडं लवकर उपटा, कीड आटोक्यात ठेवा, रोपं जाळीत वाढवा. डाळिंबावरचा तेल्या मात्र जिवाणूचा. तो पावसाच्या शिंतोड्यांतून, रोगट गुटीतून आणि छाटणीच्या कात्रीतून फिरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री निर्जंतुक न करणारा माणूस महागडी औषधं फवारत असतो, हे दृश्य काही दुर्मीळ नाही.

साबण बरा की सॅनिटायझर?

ज्या विषाणूंना चरबीचा पापुद्रा आहे, जसा कोरोना, ते दोन्हींनी फुटतात. नोरोव्हायरस किंवा पोलिओला तो पापुद्रा नाही. त्यांच्यावर अल्कोहोलचा प्रभाव कमी. साबण-पाण्याने ते निदान वाहून जातात. जुलाब-उलटीची साथ असेल तर साबणच.

लस दोन्हींवर चालते का?

चालते. लस आपल्या प्रतिकारशक्तीला ओळख करून देते, मग ती जिवाणूची असो वा विषाणूची. मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये उष्णतेने मारलेल्या जिवाणूंची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. २०२२ मध्ये लंपीच्या साथीत गायींना शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली, तेव्हा बऱ्याच जणांना ती फसवणूक वाटली. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून एकाची ओळख दुसऱ्याला चालते. जेन्नर यांनी १७९६ मध्ये गायीच्या देवीने माणसाची देवी अडवली तीही याच तत्त्वावर.

चांगले जिवाणू खरंच असतात, की ही जाहिरात आहे?

जाहिरातीपेक्षा खूप जास्त असतात. २०१६ च्या एका अंदाजानुसार आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत आणि आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. तरी त्या सगळ्या जिवाणूंचं वजन पाव किलोच्या आतच. पहिल्या पावसाचा मातीचा वास बराचसा स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूंचा. याच घराण्याने आपल्याला स्ट्रेप्टोमायसिन दिलं आणि पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषधही. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना.

सूक्ष्मदर्शक नसताना मुलांना काही दाखवता येईल का?

पावसाळ्यात सोयाबीन किंवा भुईमुगाचं रोप फुलोऱ्याच्या सुमारास अलगद खणून काढा, उपटू नका. मुळं पाण्यात हलवून धुवा. बारीक गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला देत असतात. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या प्रथिनाचा, जे जिवाणूंना नको असलेला मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतं. आत पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती गाठ कोवळी आहे, म्हातारी झाली आहे किंवा आत कामाचा जिवाणू नाही. पुढच्या हंगामात पेरणीआधी बियाण्याला रायझोबियमचं ताजं कल्चर सावलीत चोळा, आणि पाकिटावरची मुदत बघून घ्या. बीजप्रक्रियेसाठी बुरशीनाशकही वापरणार असाल तर ते आधी लावून वाळू द्या, जिवाणू शेवटी.